फळ्यावरचा बिल्ला

बंदरावर त्याला सगळे तोंडावर दादा म्हणत आणि पाठीमागे कोंबडा. कारण उघड होतं. रोज पहाटे, शहाणी माणसं कूस बदलून पुन्हा झोपतात त्या वेळेला, धक्क्यावर सगळ्यात आधी त्याच्याच होडीचं मशीन फटफटायला लागायचं आणि मागच्या गल्लीतली तान्ही पोरं एका सुरात रडायला लागायची. गल्लीतल्या आयांनी त्याला किती शिव्या घातल्या असतील त्याला गणती नाही. हे नाव त्याच्या कानावर आलं होतं, पण त्याचा राग नव्हता. कोंबडा तर कोंबडा, पण पहिला, असं तो मनाशी म्हणायचा.

साठीला टेकलेला, अंगानं काटक, बोलायला थोडका असा हा माणूस. दोन्ही मुली लग्न होऊन लांबच्या शहरांत गेल्या होत्या; घरात तो आणि बायको. ती धक्क्यावरच्या शेडमध्ये मासे निवडायच्या कामाला जायची. मोठी बोट त्याच्याकडे कधी नव्हती आणि तसलं स्वप्नही त्यानं कधी पाहिलं नाही. एकट्याला पुरेल एवढी होडी, तिच्या मागे लावलेलं मशीन आणि दोन जाळी. पण कमावता झाल्यापासून कामासाठी दुसऱ्याच्या होडीवर पाय ठेवला नाही, याचा त्याला भारी ताठा. माणसाला कसला ना कसला ताठा लागतोच, आणि ज्याच्याकडे मिरवायला फारसं काही नसतं त्याला जरा जास्तच लागतो.

अशा माणसाचा उजवा हात वर्षभरापासून त्याचं ऐकेनासा झाला होता. आधी बोटांना मुंग्या आल्या. मग खांद्यापासून खाली हात असा बधिर व्हायचा की मूठ केव्हा सुटली ते डोळ्यांनी बघावं तेव्हा कळायचं. चहाचा कप डाव्या हातात गेला. बटणांचे शर्ट कपाटात मागे गेले आणि डोक्यातून घालायचे बनियन पुढे आले. मशीनची दोरी तो डाव्या हातानं, कमरेत वाकडा होऊन ओढायला लागला. ते काही एका झटक्यात सुरू होईना, तेव्हा गल्लीत थट्टा झाली की कोंबड्याचा घसा बसला. डॉक्टरकडे जायचा विषय त्यानं स्वतःशीसुद्धा काढला नाही. गेलो आणि त्यानं समुद्र बंद कर म्हटलं तर? हात दाखवून अवलक्षण कशाला.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे या कोंबड्याला कुणी सांगावं. बायकोच्या लक्षात आलं होतं. घरातल्या बरण्यांची झाकणं ती हल्ली घट्ट लावत नसे, नुसती टेकवून ठेवायची. ते त्यानं पाहिलं. त्यानं पाहिलं हे तिनंही पाहिलं. आणि मग दोघंही मूग गिळून बसली.

तोंड उघडलं ते फक्त धाकट्या भावानं. दोघांची घरं लागून, मधे एक भिंत सामाईक. मागच्या हिवाळ्यात धक्क्याला होडी लावताना थोरल्याच्या हातून दोर दोनदा निसटला आणि ते धाकट्यानं बघितलं. बघितलं तर बघितलं, पण चहाच्या टपरीवर, चारचौघांच्या देखत तो म्हणाला, "दादा, आता एकटा जात जाऊ नकोस. माझ्या होडीवर ये."

थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्याला आपण पोहायला शिकवलं त्यानं आपल्याला हाताखाली बोलवावं! चहा अर्धा टाकून तो उठला, आणि त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. जावाजावांचं काही बिघडलं नव्हतं, भिंतीवरून वाट्या येत-जात होत्या. भावांना एकमेकांना काही कळवायचंच असलं तर दोघंही आपापल्या बायकोला मोठ्यानं सांगत. भिंत पातळ होती, त्यामुळे काम भागायचं.

आता फळ्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. बर्फाच्या कारखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर एक लाकडी फळा होता आणि त्यावर खिळ्यांच्या रांगा. प्रत्येक होडीचा एक पत्र्याचा बिल्ला, त्यावर होडीचा नंबर. जाताना आपला बिल्ला आपल्या खिळ्याला लावायचा, आल्यावर काढून खिशात टाकायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावायचा नाही, घरच्यांनीसुद्धा नाही. बिल्ला काढला म्हणजे माणूस जमिनीवर आला, आणि ते ज्याचं त्यानंच सांगायचं. धक्क्यावरून वर येणारी वाट फळ्याला घासूनच जात असे, म्हणून बिल्ला काढायला विसरलो असं कुणाचं कधी होत नसे. डोकं झोपेत असलं तरी हात आपोआप खिळ्याकडे जायचा. धुकं उतरलं किंवा वारा फिरला की लोक घड्याळ बघत नसत, फळा बघत.

त्या पहाटेही सगळ्यात आधी त्याचाच बिल्ला लागला. हवेत पातळ धुकं होतं, पण असल्या धुक्याला कोण विचारतो. बंदराच्या तोंडातून बाहेर पडलं की उजवीकडे खोल पाणी. जन्मभर तो तिकडे गेला. तिथे मासा भरपूर आणि पाण्याची ओढही जबरदस्त. डावीकडे खडकांची रांग आणि तिच्या आडोशाला संथ पाणी. तिथे नवशिक्यांना जाळं टाकायला शिकवायला नेतात. गेले काही महिने हा गडी तोंडातून बाहेर पडताना ऐटीत उजवीकडे वळायचा आणि धक्का दिसेनासा झाला की मोठा वळसा घालून गुपचूप डावीकडे यायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही भर समुद्रात. पण तिथे जाळं हलकं येई, एका हातानं ओढता येई. मासा बेताचाच मिळायचा. काट्यावर तोलणारा विचारायचा, दादा, खोल पाण्यातले मासे संपले का? तो म्हणायचा, संपले.

त्या दिवशी जाळं हलकं आलं नाही. खाली कुठेतरी खडकात अडकलं होतं. डाव्या हातानं ओढून ओढून तो घामाघूम झाला. उजवी मूठ टिकेना, म्हणून त्यानं जे कुणी करत नाही ते केलं. जाळ्याचा दोर उजव्या मनगटाला गुंडाळला. लाट आली, होडी वर उचलली गेली, दोर ताणला, आणि त्याला कळायच्या आत तो काठावर आडवा पडला होता, छाती अर्धी बाहेर. होडीचा काठ पाण्याला टेकला आणि पाणी आत आलं. बादली गेली. काढून ठेवलेला पिवळा रेनकोट गेला, त्याच्या खिशातला फोन गेला. मनगट सुटेना. डाव्या हाताला सुरी सापडली हे त्याचं नशीब, नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती. त्यानं दोर कापला. होडी एकदम सरळ झाली आणि तो पाठीवर आपटला.

कितीतरी वेळ तो तसाच बसून राहिला. आपण मेलो असतो, हे त्याला अगदी साध्या शब्दांत कळलं. त्याच्या समोर त्याच्या जाळ्याला बांधलेले पांढरे, हिरवा पट्टा मारलेले डबे पाण्यावर तरंगत होते. जाळं डब्यांसकट तिथेच अडकून राहिलं होतं, पण ते सोडवून आणायची ताकद त्याच्यात नव्हती. तोवर धुकं दाट झालं. खडकांच्या कडेकडेनं, मशीन अगदी हळू ठेवून, तो परत फिरला.

बंदराच्या तोंडाशी आल्यावर त्याला काटेवाला आठवला. दादा, जाळं कुठाय? टपरीवरची मंडळी आठवली. धाकट्याचं तोंड तर सगळ्यात आधी आठवलं. पडलो तरी नाक वर, अशी ही जात. धक्क्याकडे न जाता त्यानं होडी पलीकडे, बंद पडलेल्या बोटी दुरुस्तीच्या शेडमागे लावली. तिथून मागच्या बोळानं घर गाठलं. बायको केव्हाच कामावर गेली होती. ओले कपडे दाराआड टाकले, पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि मेल्यासारखा झोपला. फळ्याच्या वाटेनं तो आलाच नव्हता, मग हात खिळ्याकडे जाणार कसा?

जाग आली ती कपाटाच्या आवाजानं. बायको पाठमोरी उभी होती. त्याची पँट, स्वेटर, जाड मोजे असं एकेक काढून पिशवीत भरत होती आणि नाक ओढत होती. अर्धवट झोपेत त्याला वाटलं, ही कुठे गावाला निघाली?

"चहा टाक ना जरा," तो म्हणाला.

ती वळली. पिशवी तिच्या हातातून पडली आणि ती होती तिथेच जमिनीवर बसली. किंचाळली नाही, रडलीही नाही. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मग पुढे सरकून तिनं त्याचा पाय पांघरुणावरूनच चाचपून पाहिला.

"तुम्ही घरात होतात," ती म्हणाली. "भाऊजी गेलेत तुम्हाला शोधायला."

मग तुकड्यातुकड्यांनी तिनं सांगितलं. धुकं दाटलं तशा होड्या एकेक करून परत आल्या, बिल्ले निघाले, आणि फळ्यावर एकच राहिला. त्याचा फोन लागेना. ती शेडमधलं काम टाकून फळ्याखाली जाऊन उभी राहिली. बर्फाच्या कारखान्यातली मावशी म्हणाली, आत येऊन बस, इथे गारठशील. तर हिनं एवढंच सांगितलं, बिल्ला लटकतोय अजून. धाकटा तेव्हा आपले मासे तोलून घरीच निघाला होता, बिल्लाही काढला होता. फळ्यापाशी आला, थोरल्याचा बिल्ला पाहिला, खिशातला आपला बिल्ला काढून पुन्हा खिळ्याला लावला आणि आल्या पावली परत फिरला. लोकांनी अडवलं, धुकं थोडं उठू दे म्हणाले. त्यानं ऐकलं नाही. टाकी भरायलासुद्धा थांबला नाही. त्याला जाऊन आता खूप वेळ झाला होता, आणि त्याचाही फोन लागत नव्हता. शेवटी मावशीनं हिला म्हटलं, घरी जाऊन दादाचे कोरडे कपडे तरी घेऊन ये, सापडला की लागतील. म्हणून ती आली होती.

एक चप्पल त्याची, एक बायकोची, अशी पायात अडकवून तो धावत सुटला.

धक्क्यावर त्याला बघून आधी कुणाचा विश्वास बसेना. मग कुणीतरी हसलं, कुणी पाठीवर थाप मारली, काटेवाला म्हणाला की आम्ही इकडे तुला पोचवून मोकळे झालो होतो. हे सगळं जेमतेम दोन घोट चहा प्यायला लागतो तेवढा वेळ चाललं. मग एकेकाची नजर फळ्याकडे गेली आणि हसणं थांबलं. फळ्यावर दोन बिल्ले होते. एक त्याचा, खोटा. दुसरा खरा.

धाकट्याची बायको फळ्याखालीच उभी होती. आतापर्यंत ती थोरल्या जावेचा हात धरून उभी होती. आता तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते तिला समजत नव्हतं. तो तिच्या बाजूनं पुढे झाला, आपला बिल्ला काढला. ती त्याला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मोठ्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, निघायच्या तयारीतच होता. वयानं सगळ्यात मोठा, फुकटची घाई न करणारा. त्यानं थोरल्याला विचारलं की आज जाळं कुठे टाकलं होतंस. धाकटा तुझ्या जागेवरच शोधत असणार, आम्ही सरळ तिकडेच जातो. थोरल्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नेहमीच्या जागेवर." आणि हात उजवीकडे, खोल पाण्याकडे गेला. मशीन बिघडलं म्हणून लवकर आलो, असंही त्यानं जोडून दिलं. कुणी न विचारता.

तांडेलानं मान हलवली. तेवढ्यात मशीनला तेल देणारा पंपवाला पुढे आला. त्याला एक गोष्ट खटकत होती. धाकटा बंदराच्या तोंडातून बाहेर पडला तेव्हा पंपवाला तिथेच होता. धाकटा उजवीकडे नाही, डावीकडे वळला होता. खडकांकडे. यानं हाका मारल्या, पण तो थांबला नाही. धुक्यात त्याची दिशा चुकली असणार.

सगळे म्हणाले, चुकलीच असणार. कोंबडा आयुष्यात कधी डावीकडे गेलाय?

इतक्या लोकांत एकट्या थोरल्याला कळलं की धाकट्याची दिशा चुकलेली नाही. धाकट्याला सगळं माहीत होतं. दोर निसटला त्या दिवसापासून माहीत होतं, आणि अशा हाताचा माणूस जाळं टाकायला कुठे जाईल हे त्यानं मनाशी केव्हाच ताडलं होतं. तो सरळ संथ पाण्यावर गेला असणार. तिथे त्याला काय दिसलं असेल? हिरव्या पट्ट्याचे डबे. कापलेला दोर. कदाचित पिवळा रेनकोट. आणि जवळपास होडी नाही, माणूस नाही. ते बघून धाकटा परत येईल? टाकी रिकामी होईपर्यंत तो तिथेच घिरट्या घालेल, आणि टाकी रिकामी झाली की ओहोटीची ओढ त्याला खडकांवर नेईल.

आणि तांडेल तर बोट उजवीकडे न्यायला निघाला होता.

एवढं झाल्यावरही क्षणभर, खोटं कशाला बोला, थोरल्याच्या मनात आलं की हात झाकून जागा सांगता येईल का. म्हणावं, मजा म्हणून तिकडे गेलो होतो. पण मग तांडेल विचारणार, मजा म्हणून जाळं का कापलंस? त्यानं धाकट्याच्या बायकोकडे पाहिलं. ती फळ्याकडे बघत होती.

"थांबा," तो म्हणाला. "मी खडकांमागे होतो. गेले कित्येक महिने तिथेच जातोय. माझा उजवा हात गेलाय. आज जाळं ओढवलं नाही, बुडता बुडता वाचलो, म्हणून कापून टाकलं आणि लाज वाटली म्हणून मागच्या बोळानं घरी गेलो. तो तिथेच आहे. माझं जाळं सापडलंय त्याला."

एवढं सलग तो बऱ्याच वर्षांत बोलला नव्हता. कुणी हसलं नाही. तांडेलानं त्याच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि म्हणाला, "चढ."

आणि कामासाठी कधी दुसऱ्याच्या बोटीवर पाय न ठेवलेला तो माणूस चढला. वर ओढून घ्यायला एका खलाशानं हात पुढे केला, तेव्हा यानं डावा हात दिला.

धुक्यात बंदराचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. तांडेल थोडं अंतर जायचा, मशीन बंद करायचा आणि सगळे कान देऊन ऐकायचे. नुसतं पाणी वाजायचं. पुन्हा मशीन, पुन्हा थोडं पुढे, पुन्हा बंद. थोरला नाकाडावर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा होता. त्याला ते थांबणं सोसवत नव्हतं आणि पुढे जाणंही सोसवत नव्हतं. खडकांवर आपटणारं पाणी ऐकू यायला लागलं तसा तो पुढे वाकला. प्रत्येक आपटण्यात त्याला लाकूड फुटल्याचा आवाज ऐकू यायचा. धाकटा लहान असताना ह्याच संथ पाण्यात त्यानं त्याला पोहायला शिकवलं होतं, पोटाखाली एक हात धरून. उजवा.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याला समजेना की काय हाक मारावी. वर्षभरात त्याचं नाव तोंडात आलं नव्हतं. शेवटी घरातलं, लहानपणचं नाव त्याच्या तोंडून निघालं, आता ज्या नावानं हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

उत्तर नाही. तांडेल पुन्हा मशीन सुरू करणार, इतक्यात डावीकडून, अगदी जवळून, फाटलेल्या घशाचा आवाज आला. "दादा." हाकेला ओ दिल्यासारखा तो नव्हता. खूप वेळ तेच तेच ओरडत असलेल्या माणसाचा होता, ऐकणारं कुणी आहे ही आशा सोडलेल्या माणसाचा.

धुक्यातून आधी हिरव्या पट्ट्याचे डबे दिसले, मग होडी. धाकट्याची टाकी केव्हाच संपली होती. खडकात अडकलेल्या जाळ्याला धरूनच तो टिकला होता, नाहीतर ओढीनं त्याला कधीच नेलं असतं. पण तो टिकायला म्हणून जाळं धरून बसला नव्हता. तो जाळं ओढत होता. अर्ध्याहून जास्त जाळं त्याच्या होडीत येऊन पडलं होतं, हाताची बोटं सोलवटून रक्ताळली होती, मांडीवर पिवळा रेनकोट होता, आणि उरलेलं जाळं तो हात हात करून वर घेत होता. प्रत्येक वेळी, पाण्याखालून काय येतंय हे बघायला वाकत होता. काय येईल असं त्याला वाटत होतं ते बोटीवरच्या सगळ्यांना समजलं.

धाकट्यानं वर पाहिलं. थोरला नाकाडावर उभा होता, अंगात उलटा बनियन, पायात दोन तऱ्हेच्या चपला. धाकट्याचे हात थांबले. तो बघतच राहिला. मग त्याचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं, आणि ते लपवायला त्यानं मांडीवरचा ओला रेनकोट उचलून जोरात थोरल्याच्या अंगावर फेकला.

"घाल तो," तो म्हणाला. "गारठशील."

वर्षभरानंतरचे हे पहिले शब्द. रेनकोट चिंब ओला होता, त्यानं कुणाला ऊब येणार. थोरल्यानं तो घातला. उजवा हात बाहीत जाईना, तेव्हा तांडेलानं बाही धरून मदत केली, आणि यानं करू दिली.

परत येताना धाकट्याची होडी मागे बांधली होती आणि दोघं भाऊ मोठ्या बोटीवर शेजारी शेजारी बसले होते. फारसं काही बोलणं झालं नाही. धाकट्यानं विचारलं, हात कधीपासून? थोरला म्हणाला, तुला माहीत आहे कधीपासून. धाकटा म्हणाला, हो. मग थोड्या वेळानं थोरला म्हणाला की उरलेलं जाळं सोडून यायला नको होतं, चांगलं होतं. धाकट्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला.

धक्क्यावर धाकट्याची बायको पायऱ्या उतरून खाली आली. नवऱ्याचे हात उलटेसुलटे करून तिनं बघितले, मग पहिल्यांदा दिराकडे वळली. म्हणाली, "भाऊजी, परत जर कधी मागच्या बोळानं आलात तर मी स्वतः तुम्हाला बुडवीन." आणि त्यानंतर रडली.

डॉक्टरकडे त्याला दोन्ही जावांनी मिळून नेलं. मानेतली शीर दबली आहे, असं निघालं. औषध, व्यायाम, काही महिने समुद्र बंद. हात येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही. बरा झालास की माझ्याबरोबर ये, असं धाकटा भिंतीपलीकडून म्हणाला. थोरला म्हणाला, बघू. ताठा काही एका दिवसात जात नाही.

जाग मात्र त्याला अजून त्याच वेळेला येते. पहाटे तो धाकट्याबरोबर धक्क्यापर्यंत चालत जातो. पहिल्याच दिवशी धाकट्यानं फळ्यापाशी थांबून आपला बिल्ला त्याच्या डाव्या हातात ठेवला. तू लाव, म्हणाला; मी आलो की तूच काढायचा. असं करायची रीत नाही. काटेवाल्यानं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

मागच्या आठवड्यात पुन्हा धुकं उतरलं. फार नाही, रोजच्यासारखंच. होड्या आल्या, बिल्ले निघाले, फळा मोकळा होत गेला. थोरला फळ्याखालच्या दगडावर बसला होता. हातातला चहा निवून गेला तरी त्याला पत्ता नव्हता. लांबून मशीन वाजलं की तो अर्धा उठायचा, आवाज ओळखीचा नाही असं पाहून पुन्हा बसायचा. चाळीस वर्षं तो रोज पहाटे गेला, पण या दगडावर कुणी बसलेलं असतं, ते काय करतं, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. दगड बसून बसून गुळगुळीत झाला होता.

शेडमधलं काम संपवून बायको बाहेर आली. तिनं त्याला पाहिलं, निवलेला चहा पाहिला. म्हणाली, "चला घरी. इथे बसून काय होणार आहे? येतील ते."

त्यानं मान वळवली नाही.

"बिल्ला लटकतोय अजून," तो म्हणाला.

त्याला जरा सरकायला लावून तिनं दगडावर आपल्यापुरती जागा करून घेतली.